चाचणी गल्लीचा पाणीपुरवठा

शहरातल्या एकशे बारा गल्ल्यांना कधी आणि किती वेळ पाणी सोडायचे, हे पाणीपुरवठा कार्यालयातला एक प्रोग्राम ठरवीत असे. तो बटणरावांनी तीन वर्षे खपून लिहिला होता. बटणराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. पण बटण असलेली कोणतीही वस्तू रुसली की कार्यालय त्यांनाच हाक मारी.

गुरुवारी दुपारी बटणरावांच्या मनात आले, प्रोग्रामची एक प्रत काढून ठेवावी. या शहाणपणानेच घात केला. नवी फाइल जुन्या कप्प्यात ठेवायची, ते सोडून त्यांनी कप्प्यातली जुनीच उचलून नवीच्या जागी ठेवली. 'आधीच्यावर लिहू का?' असे यंत्राने अदबीने विचारले. हा प्रश्न ते दिवसातून चाळीस वेळा विचारी, आणि बटणराव चाळीस वेळा 'हो' म्हणत.

तीन वर्षे गेली. उरला तो पहिल्या आठवड्यातला कच्चा प्रोग्राम. त्याला एकच गल्ली ठाऊक होती : 'चाचणी गल्ली'. ती शहरात कुठेच नव्हती. पहाटे पाचला पाणी सुटायचे होते. बटणरावांच्या तोंडचे पाणी पळाले.

ते हेडक्लार्कबाईंकडे गेले आणि बॅकअप मागितला. बाईंनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढले. दर शुक्रवारी 'बॅकअप घेतला', पुढे सही. एकही शुक्रवार कोरा नव्हता. बटणरावांचा जीव भांड्यात पडला.

"आणि बॅकअप कुठंय?"

"हा काय, तुमच्या हातात."

"बाई, हे रजिस्टर झालं."

"तपासणीला रजिस्टरच मागतात. याच्या तीन झेरॉक्स आहेत, एक तर दुसऱ्या इमारतीत. उद्या आग लागली तरी एक सही जळायची नाही."

"पण बॅकअप घ्यायचं काम कुणाकडे होतं?"

बाईंनी चष्मा वर केला. "सही कुणाची आहे बघा."

सही बटणरावांची होती. चहाबरोबर जे कागद येत, त्यावर ते न बघता सही करीत; हे रजिस्टर चहाबरोबर येई.

शुक्रवारी पहाटे सगळे व्हॉल्व्ह बंदच राहिले. लोकांनी फोन केले. तक्रार-खिडकीवरचा कारकून सभ्य होता. तो म्हणे, आपली गल्ली यादीत दिसत नाही, सबब तक्रार घेता येत नाही. काही हुशार लोकांनी मग आपण चाचणी गल्लीतच राहतो असे सांगितले. त्यांना उत्तर मिळाले, की तिथे पुरवठा शंभर टक्के चालू आहे, आपला नळ तपासून घ्यावा. एका आजोबांनी खरेच प्लंबर बोलावला.

बटणरावांना राहवेना. ते साहेबांसमोर उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "साहेब, माझ्या हातून प्रोग्राम पुसला गेला. पुन्हा लिहायला मुदत द्या."

साहेबांनी पडद्याकडे बोट केले. पुरवठा शंभर टक्के. तक्रारी शून्य. टाकी काठोकाठ भरलेली. मुख्य कार्यालयाचे अभिनंदनाचे पत्र टेबलावर होते.

"तीन वर्षं तुमच्या त्या प्रोग्रामपायी रोज चारशे तक्रारी यायच्या," साहेब म्हणाले. "आणि तोच पुन्हा लिहिणार?"

"पण साहेब, पाणी..."

"बटणराव, आधी याचा बॅकअप घ्या. माझ्यासमोर."

त्या दिवशी कार्यालयाच्या इतिहासातला पहिला खरा बॅकअप घेतला गेला. तीन प्रती, तीन कपाटांत. घरी बटणरावांची बायको रिकाम्या पिंपाशेजारी बसली होती. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, की तुमच्या त्या पुसल्या गेलेल्या प्रोग्रामची घरी एखादी प्रत कशी नव्हती?

"असेल कुठेतरी, असं वाटायचं," बटणराव म्हणाले.

ती हसली. वाचकांनीही खुशाल हसावे. मग घरातल्या कुणाला तरी विचारावे, की आपले सगळे फोटो एका फोनमध्येच आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठे आहे. आणि उत्तर नीट कान देऊन ऐकावे.