मांडवीला आलेली लाट

मे महिन्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, आम्रपालीआत्याच्या घरात उजेड येई तो दारातून नव्हे. छपरातल्या एकुलत्या एका काचेच्या कौलातून. आधी तो उजेड म्हणण्याइतकाही नसे. अंधार थोडा पातळ झाल्यासारखा वाटे, एवढेच. मग भिंतीवरच्या चुन्याचा एक तुकडा, हातरुमालाएवढा, हलकेच पिवळा होई. तो तुकडा दिनदर्शिकेवर सरके, तिच्यावरच्या तारखांना एकेक करून स्पर्श करी, खुंटीवरच्या पिशवीवर उतरे आणि शेवटी जमिनीवर येऊन मांजरासारखा अंग पसरून पडे. आत्याने पाणी तापवायला चूल पेटवली की मागच्या बाजूने धूर येई, आणि त्या धुरात तो कवडसा उभ्या खांबासारखा दिसू लागे. पाठ टेकून बसावे असा. बाहेर माड हलले की खांबही हले. दिवसभरात त्या घरात पुष्कळ काही घडत असे, पण इतक्या सावकाश, इतक्या निमूटपणे आणि कोणाकडून कसलीही अपेक्षा न ठेवता घडणारी ही एकच गोष्ट होती.

सम्यकला ती फार आवडली, कारण तो स्वतःही साधारण तसाच होता. पुण्याच्या एका ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणारा हा चोवीस वर्षांचा तरुण आठ दिवसांच्या रजेवर आत्याकडे रत्नागिरीला आला होता. माणसांशी बोलताना त्याचे शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत. प्रकाशाशी बोलावे लागत नसे. त्याच्याकडे नुसते पाहिले तरी चाले. पाहण्यासाठी हातात कॅमेरा होता. कॅमेरा त्याचा स्वतःचा असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

तो महेंद्र दाजींचा होता; म्हणजे थोरल्या बहिणीच्या, रसिकाताईच्या यजमानांचा. दाजी सावर्ड्याच्या एका शाळेत शिक्षक. दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला वंदना झाली की तिथल्या विहाराच्या पायऱ्यांवर वाडीतल्या प्रत्येक घराचा एक फोटो ते काढत. मुंबईला नोकरीस असलेली मुले त्या एका दिवसासाठी गावी येत, पांढरे कपडे घालून आईबापांच्या मागे उभी राहत. अकरा वर्षांचे फोटो विहाराच्या भिंतीवर ओळीने लावलेले होते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चौकटीत एक नवे बाळ दिसे आणि कुठल्या ना कुठल्या चौकटीतली एक खुर्ची कमी होई. कॅमेरा देताना दाजी एवढेच म्हणाले होते, "बिनधास्त वापर. फक्त पौर्णिमेला मला लागेल."

पौर्णिमा पाच दिवसांवर होती. त्या सकाळी कवडसा घराच्या मागच्या अंगाला सरकला आणि सम्यक कॅमेरा डोळ्याला लावून त्याच्या मागोमाग गेला. पुढच्या मिनिटभरात काय घडले ते त्याने कोणालाच सांगितले नाही. तेव्हा तूर्त आपणही त्याची लाज राखू. कॅमेरा पाण्यात पडला, एवढे पुरे.

घर मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ठिबकणारा कॅमेरा दोन्ही हातांत धरून सम्यक मागच्या दाराने बाहेर पडला आणि, दुःखी माणसाला समुद्राकडेच जावेसे वाटते म्हणून, किनाऱ्यावर गेला. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. पाणी गुडघ्यापर्यंत चढले तेही त्याच्या ध्यानात आले नाही. परत आला तेव्हा आत्या पुढच्या अंगणात आंबापोळीची ताटे उन्हात मांडत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवलेली बाई. कोणाची काय चूक झाली आहे हे तिला विचारावे लागत नसे.

"अगो बाई! सम्यक! लाट आली काय रे?"

सम्यकने तोंड उघडले. खरी हकीकत ओठांपर्यंत आली आणि रीतीप्रमाणे परत गेली. त्याने मान हलवली. खोटे बोलणे त्याला कधीच जमले नसते. पण मान हलवायला शब्द लागत नाहीत.

आत्याची मुलगी शमिका कॉलेजात होती आणि सुट्टीत तिला उद्योग नव्हता. ती दारातूनच म्हणाली, "दादा, पँट भिजली आणि शर्ट कोरडा? लाट काय माप घेऊन आली होती?"

"गप गो! पोराचा जीव थाऱ्यावर नाही आणि हिला शर्ट सुचतोय. दाजींचा ना रे कॅमेरा?"

सम्यकने पुन्हा मान हलवली. ही मात्र खरी होती.

"तांदळात ठेव आई," शमिका म्हणाली. "फोन भिजला की तांदळात ठेवतात."

वर्षाचा तांदूळ स्वयंपाकघरातल्या पिंपात होता. आत्याने स्वतःच्या हाताने कॅमेरा त्याच्या मधोमध पुरला, वरून तांदूळ सारखा केला आणि झाकण लावले. मात्र गेल्याच आठवड्यात मायलेकींनी मिळून त्या तांदळाला किडा लागू नये म्हणून वाटीभर एरंडेल चोळले होते आणि वर बोरिक पावडर भुरभुरली होती, हे दोघींच्याही स्मरणात नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा बाहेर काढला तेव्हा तो तेल लावून न्हायला बसवलेल्या बाळासारखा चकाकत होता. फटीफटीत तांदळाचे दाणे रुतले होते.

"अरे देवा," शमिका म्हणाली.

"त्यात काय! तेल गेलं की झालं," आत्या म्हणाली, आणि तेल लावलेल्या बाळाचे जे करतात तेच तिने केले. डाळीचे पीठ घेऊन तिने कॅमेरा हलक्या हाताने चोळला, कानाकोपरा पुसला आणि ऊन लागावे म्हणून अंगणात आंबापोळीच्या ताटांमध्ये, त्याच पातळ फडक्याखाली ठेवला. दुपारी वारा सुटला, फडके हलले, एक ताट कलंडले. संध्याकाळी मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग पायरीवरून चढून, अर्धवट वाळलेल्या आंब्यावरून, थेट कॅमेऱ्याच्या आत जाताना सम्यकला दिसली. बाहेर येताना एकही दिसली नाही.

इकडे कॅमेऱ्यावर उपचार चालले होते आणि तिकडे लाट वाढत होती. शेजारच्या मैनाबाई मांडवीच्या किनाऱ्यावर भेळेची गाडी लावत. पहिल्याच दिवशी कुंपणावरून त्यांनी विचारले होते, "केवढी होती रे लाट?"

सम्यकने विचार करून हात गुडघ्याशी नेला.

"कमरेएवढी!" मैनाबाई आत्याला म्हणाल्या. त्यांनी जावयाला सांगितले तेव्हा ती डोक्यावरून गेली होती. जावयाने ती मोबाईलवरच्या गटात टाकली: 'मांडवी येथे दोन पुरुष उंचीच्या लाटा. पुण्याचा पर्यटक थोडक्यात बचावला. मुलाबाळांना किनाऱ्यावर नेऊ नये.' खाली हात जोडलेली नऊ चित्रे होती. संध्याकाळपर्यंत तो मजकूर सम्यकच्या पुण्याच्या ग्रंथपालांकडून सम्यकलाच आला: 'रत्नागिरीत आहात ना? जपून राहा.'

तिसऱ्या दिवशी शमिकाने कॅमेरा आणि सम्यक दोघांनाही बाजारातल्या सुजयच्या दुकानात नेले. सुजय कॅमेरे आणि मोबाईल दुरुस्त करी आणि कमी बोले, त्यामुळे सम्यकला तो चटकन आवडला.

"काय झालं?"

"समुद्रात पडला. लाट आली," शमिकाने सांगितले. सम्यकने मान हलवली. मानेलाही आता सराव झाला होता.

सुजयने चार स्क्रू काढले, भिंग लावून आत पाहिले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"मुंग्या आहेत."

"हो."

"ही पांढरी पूड?"

"बोरिक."

"चिकट काय आहे?"

"एरंडेल," शमिका म्हणाली. "पिवळं दिसतंय ते डाळीचं पीठ. आणि आंबा शेजारी वाळत होता."

"फोडणी तेवढी राहिली," सुजय म्हणाला. मग त्याने भिंग खाली ठेवले. "सगळं सापडलं. मीठ नाही सापडलं."

त्याने खोललेला कॅमेरा दोघांपुढे सरकवला.

"महिन्याला चार कॅमेरे येतात माझ्याकडे समुद्रातले. दुसऱ्या दिवशी आतून हिरवे पडतात. हा गोड्या पाण्यात पडलाय. आणि पडला म्हणजे काय, घोटभर पाणी गेलं असेल. तेव्हाच इथं आणला असता तर संध्याकाळी फोटो काढले असते यानं. हा पाण्यानं नाही मेला, औषधांनी मेला."

बाजाराच्या टोकाशी आल्यावर शमिका थांबली.

"दादा."

"हं."

"रत्नागिरीत गोड्या पाण्याचा समुद्र कुठे आहे रे?"

सम्यकने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिले.

"मी नाही सांगायची आईला," शमिका म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चेष्टेचा नव्हता. "पण तू सांग."

"आजच सांगतो."

आणि तो खरोखरच सांगणार होता. वाटेत त्याने वाक्य जुळवले, चार वेळा मनात म्हणून पाहिले. पण घरी पडवीत मैनाबाई बसल्या होत्या. समोर झाकलेले पातेले होते आणि दिवस मावळायचा होता. या वेळी त्या गाडी सोडून कुठे नसत.

"गाडी लावली नाही?" शमिकाने विचारले.

"कोणासाठी लावू? दोन दिवस कुत्रं फिरकत नाही किनाऱ्यावर. चिंचेचं पाणी आंबून गेलं सगळं." मग सम्यककडे पाहून त्या घाईने म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडतोस मेल्या? तुझा काय दोष? लाट काय तू बोलावलीस? बस. भेळ आणलीय तुझ्यासाठी. भ्यायलेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो."

इतकी चवदार आणि गिळायला इतकी कठीण भेळ सम्यकने आयुष्यात खाल्ली नव्हती. जुळवलेले वाक्य त्याने कुरमुऱ्यांबरोबर पोटात ढकलले. तेवढ्यात आतून आत्याचा फोनवरचा आवाज आला, "पोर वाचलं म्हणायचं, महेंद्र!" आणि मग फोन त्याच्या कानाला लावला गेला.

"सम्यक," दाजी म्हणाले. "कॅमेऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. वस्तू आहे ती. रसिका रडत होती इथं. तू धड आहेस ना?"

"हो," सम्यक म्हणाला.

"बस. पौर्णिमेला सगळे या."

पौर्णिमेला सगळेच सावर्ड्याला गेले. मैनाबाईसुद्धा, "नाहीतरी धंदा नाहीच," म्हणून त्याही एसटीत चढल्या. विहाराच्या अंगणात मंडप घातला होता, खिरीचा वास सुटला होता, आणि फोटो निघणार नाहीत हे कळूनही घरेच्या घरे सवयीने पांढरे कपडे करून पायऱ्यांपाशी गोळा झाली होती. सर्वांत पुढे सखाराम आजोबा बसले होते. पंच्याऐंशी वर्षांचे. त्यांचा मुलगा चार वर्षांनी रजा मिळवून मुंबईहून आला होता आणि त्यांच्या खुर्चीमागे नवा सदरा घालून उभा होता. कोणीतरी मोबाईलवर काढू म्हणाले. "मोबाईलवरचा भिंतीला लागत नाही रे," आजोबा म्हणाले. मग सम्यकला जवळ बोलावून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "राहूदे. माझा फोटो राहिला तर राहिला. तू राहिलास ना? झालं तर."

सम्यकला वाटले, जमिनीने आता पोटात घ्यावे. पण सावर्ड्याची जमीन जांभ्याची. ती सहजी फाटत नाही.

वंदना झाली. पंचशील म्हटले गेले. खोटे न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी सम्यकचा आवाज बसला. त्यानंतर मंडळाच्या अध्यक्षांनी ध्वनिवर्धक हाती घेतला आणि वाडीच्या महेंद्र गुरुजींचा मेहुणा, मृत्यूच्या दाढेतून परतलेला हा धाडसी तरुण, याचा शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार होत आहे, असे जाहीर केले. टाळ्या वाजल्या. मैनाबाई शेजारणीला हाताने लाटेची उंची दाखवत होत्या. हात आता पुरत नव्हता म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या. शाल दाजींनीच घातली. घालताना त्यांनी सम्यकचा खांदा दाबला, आणि त्या दाबण्यात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर सम्यकने तो आनंदाने सोसला असता.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," अध्यक्ष म्हणाले.

शमिका पहिल्या रांगेत होती. ती हसत नव्हती. आत्याच्या डोळ्यांत पाणी होते. सम्यकने ध्वनिवर्धक हातात घेतला. तो शिट्टीसारखा किंचाळला, आणि मग सारे अंगण शांत झाले. चारशे माणसे एका लाटेची वाट पाहत होती. शब्द ओठांपर्यंत आले. तिथे थबकले. यावेळी परत जायला वाट नव्हती, कारण मान हलवलेली ध्वनिवर्धकावर ऐकू जात नाही.

"लाट आली नव्हती," सम्यक म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा असेल याची त्याला कल्पना नव्हती. "मैनामावशी, किनाऱ्यावर काहीच झालं नव्हतं. मी आत्याच्या न्हाणीघरात उन्हाचा फोटो काढत होतो. कॅमेरा बादलीत पडला."