मुकी कडी

संडासाची कडी करकरायची, हीच तात्यांची मोठी अडचण होती. दोन महिने त्यांना दिवसातून सात-आठ वेळा तिकडे धावावं लागत होतं. गेल्या आठवड्यात रक्तही दिसलं. वय अडुसष्ट. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. पोटातली मात्र दिसूनही सोडून दिली. तपासायला गेलं आणि बरं न होणारं काही निघालं तर? त्यापेक्षा बायकोला कळूच नये.

बायको शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसायची. तिच्याच यंत्राच्या तेलाची अर्धी बाटली तात्यांनी कडीवर ओतली, वर स्क्रूही जरा सैल केले. कडी मुकी झाली. तिसऱ्या दिवशी ती तिरकी होऊन अडकली, आणि तात्या आत राहिले.

"अहो, किती वेळ?"

"वाचतोय."

"चष्मा तर इथे माझ्या हातात आहे."

शेवटी शेजारचा सुतार आला. फटीतून डोकावत म्हणाला, "काका, कडीला एवढं तेल कुणी पाजलं हो? स्क्रूही ढिले दिसतायत."



"चोर आला असेल," बायको म्हणाली. "त्याला संडासात काय सापडणार होतं, देव जाणे."

आतून बारीक आवाज आला, "मीच केलं. आवाज होऊ नये म्हणून. फार वेळा जावं लागतं गं. रक्त पडतंय."

सुताराने मान खाली घालून बिजागरी सोडवायला घेतली.

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "वर्षानुवर्षं बोंबलणारी कडी एकाएकी गप्प झाली, तेव्हाच मी लक्ष ठेवायला लागले. उद्या दहाचा नंबर लावलाय डॉक्टरांकडे."

दार निघालं. घामाघूम तात्या बाहेर आले. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. लोकांना हा तरुणांचा आजार वाटतो, पण साठीनंतरही सुरू होतो."

"बरा होईल ना?" तात्यांनी विचारलं.

"मुळासकट जात नाही. पण नीट लक्ष ठेवलं, तर ताब्यात राहतो."

"जमेल मला," बायको म्हणाली. "बेचाळीस वर्षं तेच करतेय."

संध्याकाळी सुतार नवी कडी घेऊन आला. "काकू, ही अजिबात वाजत नाही."

"मग परत घेऊन जा," ती म्हणाली. "जुनीच सरळ करून बसव. आणि तेल पुसून टाक."