बाटलीतल्या पेशींचा हयातीचा दाखला

हे कुणाला सांगायचं नाही असं केतकीमावशीने मला बजावलं होतं, पण तिच्या प्रयोगशाळेतल्या कर्करोगाच्या पेशींनी हयातीच्या दाखल्यासाठी अर्ज केला, एवढं सांगायला हरकत नसावी.

अर्ज रीतसर होता. पेशींचं म्हणणं असं की औषध दिल्यावर संस्थेच्या कार्यालयाने त्यांना कागदोपत्री मृत ठरवून त्यांचं गुलाबी जेवण, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बंद केलं. प्रत्यक्षात त्या ठणठणीत असून बाटलीत आता जागा पुरत नाही. पेन्शनवाल्या लोकांना दर नोव्हेंबरात स्वतः जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. संस्थेत पेशींसाठी वेगळा नियम नव्हता, म्हणून तोच लागू झाला.

सुनावणीला तिघं बसली. ज्या औषधाने पेशी मेल्या असं धरलं होतं ते तयार करणारी केतकीमावशी, तिचे वरिष्ठ हर्डीकर सर आणि कार्यालयाच्या रेगेबाई. बाटलीतर्फे सगळ्यांत बोलकी पेशी आली. तिला काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तिचा आवाज फार बारीक होता, पण भिंगाला कान लावला की स्वच्छ ऐकू येई.

मावशीच्या औषधामागचा हिशोब साधा होता. पेशी विभागली की दर वेळी तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, आणि टोकं संपत आली की ती विभागायची थांबते. कर्करोगाच्या बहुतेक पेशी टेलोमरेज नावाच्या विकराकडून ही टोकं पुन्हा वाढवून घेतात. मावशीच्या औषधाने ते विकर बंद पडायचं. औषध आता रुग्णांना देऊन पाहायचं ठरलं होतं. दाखला दिला तर ते अडणार होतं. नाही दिला, तर बाटली मोरीत रिकामी होणार होती आणि विषय मिटणार होता.

सरांनी आधी मावशीलाच विचारलं, औषध घालायला विसरलीस का. ती नाही म्हणाली. मग त्यांनी भिंगाला कान लावून पेशीला विचारलं, टेलोमरेज कुठे लपवलंय. पेशीने खुशाल झडती घ्या म्हणून सांगितलं. मावशीने झडती घेतली. काही सापडलं नाही.

"म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही मेलेल्याच आहात," सर म्हणाले.

"तसं लिहून द्या," पेशी म्हणाली. "मी स्वतः पोच देते."

सरांनी कान काढून घेतला आणि तो रुमालाने पुसत बसले.

मावशीला गप्प बसता आलं असतं. पण झडतीत तिने टोकं पाहिली होती. काही लांबच लांब, काही अगदी बुटकी. टेलोमरेजच्या हाताखालची टोकं एवढी कमीजास्त नसतात. तिने भिंगाला कान लावला.

"टोकं आणता कुठून?"

"अगं, शेजारून," पेशी म्हणाली. "तुझ्याकडचं विरजण संपलं आणि दुकान बंद असलं, तर तू दही लावायचं सोडतेस का? वाटी घेऊन शेजारी जातेस. आमच्यात एकाचं टोक आखूड झालं की ते दुसऱ्याच्या टोकाला जाऊन बिलगतं, आणि त्याच्यावरून आपलं उतरवून घेतं. तुमच्या त्या टेलोमरेजच्या दुकानाची पायरी आम्ही कधी चढलोच नाही."

"मग कुणाचं लांब, कुणाचं आखूड का?"

"शेजारी मापाने देतात होय?"

मावशीने हे सगळं मोठ्याने सांगितलं. रेगेबाईंना त्यात न पटण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांच्या घरचं दही लग्नापासून शेजारच्याच विरजणावर चाललं होतं. सर म्हणाले, ही एक बाटली अपवाद आहे, धुऊन टाका.

"ज्या माणसाच्या मांडीच्या हाडातून या आल्या, तो अजून आपल्या औषधाची वाट बघतोय, सर," मावशी म्हणाली. "त्याला ते दिलं, तर आपण दुकान बंद करू. शेजार चालूच राहील."

"तुझं औषध तूच अडवते आहेस."

"हो," असं म्हणून तिने दाखल्यावर सही केली. ज्यांच्या पेशी शेजारावर चालतात त्यांना हे औषध देऊ नये, असंही खाली लिहिलं. रेगेबाईंनी शिक्का मारला. पोच म्हणून पेशी तिथल्या तिथे विभागली आणि दोघी समाधानाने बसून राहिल्या. रेगेबाईंनी दुसरीला वेगळा अर्ज करायला सांगितलं.

गुलाबी जेवण पुन्हा सुरू झालं. ते देताना मावशी पेशींशी गोड बोलते. काय नवीन चाललंय असं त्या विचारतात, ती काही नाही म्हणते. म्हणून तर मला बजावलं होतं. आज शाळेला सुट्टी आहे आणि हे मी तिच्याच टेबलाशी बसून, एकेक शब्द पुटपुटत लिहिते आहे. बाटली समोर आहे. आता त्या इतक्या झाल्या आहेत की भिंगाला कान लावावा लागत नाही. मावशीचं नवं औषध दुकानाच्या वाटेला जातच नाही. शेजारी वाटी पुढे करायची वेळ आली, की ते मधल्या दारातच

थांबा, कुणीतरी हाक मारतंय. मावशी तर जेवायला गेली आहे. आवाज फार बारीक आहे, आणि विचारतोय की मधल्या दारात नेमकं