मावशींच्या मशीनमधली तान

मावशींच्या न्हाणीघरात त्या दिवशी माणूस यंत्रात विलीन व्हायचा होता, आणि तेही जेवणाच्या आत. कारण नंतर त्यांना त्याच मशीनमध्ये चादरी धुवायच्या होत्या.

भाचा सिनेमा काढत होता. साधासुधा नव्हे, भविष्यकाळातली संगीतिका! पात्रं बोलत नाहीत, गातात. शेवटचं दृश्य तेवढं उरलं होतं: नायक कपडे धुण्याच्या मशीनमध्ये डोकं घालतो, अखेरची तान घेतो आणि यंत्र होऊन जातो. हे फसलं तर भाच्याने मुकाट्याने वडिलांच्या रंगाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं.

सगळ्यांना सवय लागावी म्हणून भाच्याने नियमच केला होता की चित्रीकरणाच्या जागी बोलायचं नाही, गायचं. चहासुद्धा लोक आलाप घेऊन मागत. एकदा पडद्याने पेट घेतला, तर दिवेवाल्याने ती बातमी अंतऱ्यासकट दिली. पडदा गेला, पण सम चुकली नाही.

नायकाला सगळे भोंगा म्हणत. देह कपाटाएवढा, आवाज त्याहून मोठा. दोन्ही हात नळ्यांमध्ये कोंबलेले, डोक्यावर चाळणीचं शिरस्त्राण, हनुवटीखाली पट्टा आणि चाळणीला चहूबाजूंनी चमचे खोचलेले.

भोंग्याने डोकं आत घातलं. चमचे वाकले, डोकं गेलं. तान झाली. मात्र बाहेर येताना चमचे आतल्या रबरी कडेत गळासारखे रुतले.

"बाहेर काऽढा होऽऽ!" भोंगा गायला. नियम म्हणजे नियम! त्यात मशीनच्या पोटात आवाज असा घुमला की भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कॅमेरा थांबवू नकाऽ," तो हळूच गुणगुणला, "हे तर लिहिलंही नव्हतंऽ!"

"अरे, मान गेलीऽऽ!"

कोरसमधल्या चौघींनी ओळ झेलली, "मान गेली, मान गेली, गेली गेली मान!" भोंगा पाय आपटू लागला, तसा दिवेवाल्याने बादलीवर ठेका धरला.

तेवढ्यात चादरींचं बोचकं घेऊन मावशी आल्या.

"ए दिवट्या, तो माणूस अडकलाय!"

"मावशीऽ, सुरातऽ!"

"खड्ड्यात गेला तुझा सूर! आणि ही माझी चाळणी? आठवडाभर शोधतेय मी!"

मावशींनी बोचकं टाकलं, आत हात घालून हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि भोंग्याला कमरेला धरून ओढलं. बाटलीचं बूच निघावं तसा तो निघाला. चाळणी आतच राहिली.

"आई गं!" भोंगा महिन्याभरात पहिल्यांदाच बेसूर बोलला.

भाचा मटकन खाली बसला. "मावशी, शॉटमध्ये आलीस गं तू! आता माणूस यंत्र कसा होणार?"

"नकोच होऊ दे. मग कपडे वाळत कोण घालेल?"

पुन्हा डोकं घालायला भोंग्याने साफ नकार दिला. नाइलाजाने शेवट तोच ठेवला. थिएटरात मावशींनी भोंग्याला खेचून काढलं, तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले. सगळ्यात मोठी शिट्टी भाच्याच्या वडिलांची होती. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मेकॅनिकने चाळणी काढून दिली, पण एक चमचा कुठे तरी आतच राहिला. तेव्हापासून कपडे धुऊन झाले की मशीन शेवटची गिरकी घेतं आणि आतून अगदी त्याच सुरात खणखणतं, "बाहेर काऽढा होऽऽ!"

आणि गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही म्हणणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून त्याच पट्टीत उत्तर देतात, "आले रे भोंग्याऽऽ!"