दोन कोंबड्यांचा दोर

पैसा कुठं सैल सोडावा अन् कुठं मूठ आवळावी, हे मला जेवढं कळतं तेवढं वसमतच्या अख्ख्या बाजारात कुणाला कळत न्हाई. असं मी एकटाच म्हणतो, ती गोष्ट निराळी. माझा कायदा सरळ हाय. चार लोकांना जे दिसतं ते भारी घ्यावं. दिसत न्हाई त्याला स्वस्तातलं चालतं. म्हणून माझा फेटा बघून लोक वाट सोडतात, अन् सदऱ्याखालच्या बंडीला चार ठिगळं हायती ती कुणाला ठावी न्हाईत.

आमच्या घरच्या गोजरबाईचा कायदा उलटा. "ज्या चिजेवर भार पडतो, ती चांगली घ्या," ती म्हणते. "दिसण्याचं काय, फेटा खुंटीलाबी शोभतो."

निजामाचं राज्य जायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पोळा तोंडावर आला होता. आमचा बैल चिमण्या. वासरू होता तेव्हा नाव ठेवलं, पुढं त्याच्या सावलीत मी जेवायला बसायचो. त्याला झूल घ्यायची अन् दोर घ्यायचे म्हणून मी वसमतच्या बाजाराला निघालो.

"दोर थावरादादाकडूनच घ्या," गोजरबाईनं दारातून बजावलं.

थावरा आमच्या शेजारच्या तांड्यावरचा. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घातला, त्यामुळं दोराची पारख त्याच्या रक्तातच. अंबाडीचा दोर स्वतः वळायचा अन् बाजारात मांडून बसायचा.

"सव्वा रुपया," थावरा म्हणाला.

"नुसत्या दोराचे?"

"व्हय. बैल तुमच्याकडं हायेच की."

पलीकडचा दुकानदार सहा आण्याला दोर देत होता. वर पिवळाधमक रंग, टोकाला लाल गोंडा! मी दोन घेतले. मग मोकळ्या हातानं लाल मखमलीची, आरशे लावलेली झूल घेतली. तिची किंमत मी घरी सांगितली न्हाई, इथंबी सांगणार न्हाई.

मी निघालो तेव्हा थावरा म्हणाला, "सटवाजीभाऊ, दोर लोकाला दिसत न्हाई, पर बैलाला बराबर कळतो."

"बैलाला काय कळतंय?" मी म्हणालो.

त्यानं बिडी पेटवली अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी गोजरबाईनं दोराला एक हिसका दिला. मूठभर काथ्या तिच्या हातात आला. तो तिनं चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली, थावराला अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या दिल्या अन् त्याचा दोर घेऊन आली.

दोर कसला, अजगर! ना रंग, ना गोंडा. असला दोर पोळ्यात चिमण्याला बांधून मी काय गावात तोंड दाखवणार? मी साफ न्हाई म्हणालो. तिनं गुमान तो अंगणात बांधला अन् त्यावर लुगडी वाळत घातली. "लुगड्यांला तरी तकलीफ नको," म्हणाली.

पोळ्याच्या दिवशी वेशीच्या तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे होते. हलग्या वाजत होत्या. चिमण्याच्या झुलीवर ऊन पडलं अन् आरशे असे लखलखले की सगळं गाव बघत राहिलं. माझी छाती फुगली. पण झूल चिमण्याच्या मापाची न्हवती. ती एका अंगाला घसरली अन् त्याच्या पायाला फडफडायला लागली. चिमण्या बिथरला. मी दोर आवळला. दोर असा तुटला जसा भिजलेला पापड.

चिमण्या पळाला. त्याला जन्मात एकच वाट ठावी, आमच्या विहिरीची. त्याच्या मागं मी, माझ्या हातात पिवळा तुकडा. विहिरीपाशी मोटेच्या धावेवर, मोट वढायच्या उताराच्या माथ्यावर, रोजच्या जागी तो आपोआप थांबला. मी त्याच्यापुढं गेलो, विहिरीकडं पाठ करून उभा राहिलो अन् त्याला चुचकारायला लागलो. सवयीनं तो वळला अन् मोट वढायला उतारावर निघाला. भुईवर लोळणारी झूल त्याच्या मागं निघाली. झुलीवर मी उभा होतो.

विहिरीत पडल्यावर मला दोन गोष्टी आठवल्या. एक, मला पोहता येत न्हाई. दुसरी, पायऱ्या परवाच्या पावसात ढासळल्या हायती. काठाच्या उंबराची एक मुळी हाताला लागली, तिला मी लटकलो. मुळी करंगळीएवढी होती.

वर डोकी जमली. शेजारी व्यंकटरावानं वाकून विचारलं, "सटवाजी, आत हायेस का?"

"न्हाई, बाजाराला गेलोय."

"दम धर. तुझाच दुसरा नवा दोर आणलाय."

"तो नको," म्हणेस्तोवर दोर खाली आला. मी धरला, हातभर वर गेलो अन् परत पाण्यात. कशीबशी मुळी पुन्हा गाठली. लाल गोंडा नाकासमोर तरंगत होता. दिसत मातर झकास होता.

मुळी कडकड करायला लागली. मग मी खरंच भ्यालो. वर आभाळाचा गोल तुकडा दिसत होता, अन् मनात आलं, आता लेकरांचं कसं व्हायचं. तेवढ्यात त्या तुकड्यात गोजरबाईचं तोंड आलं. तिनं अंगणातला दोर सोडून आणला होता, घाईत एक हिरवं लुगडं तसंच त्याला अडकलेलं. दोर लुगड्यासकट खाली आला.

"कमरेला बांधा," वरून थावराचा आवाज. तो पोळा बघायला आला होता. "गाठ पोटावर घ्या."

बांधली. तर वर वाद सुरू! कुणी म्हणालं, चिमण्याला जुंपा, एका दमात वर येईल. व्यंकटराव म्हणाला, "आज पोळा हाय. आज बैल देव. देवाला कामाला लावता काय?"

"उद्या लावला तर?" कुणीतरी इचारलं.

"उद्यापर्यंत मी ऱ्हाईन का?" मी खालून वरडलो.

"बैलाला हात लावू नका," गोजरबाई म्हणाली. "त्याचा सण हाय. मी वढते."

तिनं दोर खांद्यावर घेतला. तिच्या मागं थावरा, मागं व्यंकटराव, मग सगळं गाव. त्याच वक्ताला मुळी उपटून माझ्या हातात आली, अन् माझा सगळा भार दोरावर पडला. मी वर बघत होतो. दोर काठाच्या दगडावर घासत होता, पण त्याचा एक धागा सुटला न्हाई.

वर येऊन मी सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली न्हाई. थावराचे पाय धरायला गेलो तर तो मागं सरकला अन् दोर तपासायला लागला. "पानी प्यालाय," म्हणाला, "आता आणखी घट्ट हुईल." चिमण्या उतारावर उभा राहून झुलीची झालर खात होता. गोजरबाईच्या हाताची सालटं निघाली होती. त्या हातांनीच तिनं माझं डोकं पुसलं. ती अन् थावरा नसते तर तुमच्याशी गप्पा मारायला मी उरलो नसतो, हे मी आजबी कुणालाही सांगतो.

संध्याकाळी मी तिला हळूच इचारलं, "दोन कोंबड्या वाया न्हाई गेल्या, व्हय ना?"

तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "एकीची किंमत तर वसूल झाली."

पुढच्या बाजाराला मी दोन कोंबड्या आणल्या. भाव केला न्हाई. बाजारात सगळ्यात देखण्या त्याच होत्या, तुकतुकीत पिसं, लालभडक तुरे. गोजरबाईनं त्या उचलून नीट बघितल्या. तिला हसू आवरंना.

"झ्याक हायती," ती म्हणाली. "फकस्त दोन्ही कोंबडे हायती."