सरपंच जातीनं हजर

संयोगिता पाटील सरपंच होऊन दोन वर्षं झाली होती आणि गावचा कारभार उत्तम चालला होता, कारण तो तिचे यजमान अमरसिंह चालवत होते. गाव त्यांनाच सरपंच म्हणे. तिला 'सरपंचांची बायको' म्हणे.

शाहूवाडीकडच्या या गावात एका परदेशी कंपनीनं दुधाचा कारखाना काढायचं ठरवलं आणि पंचाईत झाली. बायका कारभार करतात तिथंच गुंतवणूक करायची, अशी कंपनीची अट. तिच्या प्रमुख मॅडम जातीनं खात्री करायला येणार होत्या. अमरसिंहांनी महिला सदस्यांची तातडीची बैठक बोलावली. नेहमीप्रमाणे त्यांचे नवरे आले. महिलांनी पुढं आलं पाहिजे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि रात्री जेवताना महिलांना कळवण्यात आला.

संयोगिताला सूचना सोप्या होत्या. नमस्कार करायचा, हसायचं आणि काही विचारलंच तर 'विकास' म्हणायचं.

ठरल्या दिवशी ती खुर्चीत बसली. नवरेमंडळी निरीक्षक म्हणून खिडकीबाहेर उभी राहिली. दुभाषी दीप्तीनं मॅडमचा प्रश्न मराठीत सांगितला: कारखान्याची जागा ओढ्याकाठी ठरली आहे, सरपंचांचं मत काय?

खिडकी खोकली.

संयोगिता 'विकास' म्हणणारच होती, पण तिला ओढा दिसला. जागा ठरवणाऱ्यांपैकी एकानंही तिथं कधी घागर बुडवली नव्हती. तिनं विचारलं, कारखान्याचं घाण पाणी कुठं जाणार? ओढ्यात, असं उत्तर आलं.

"मग न्हाय जमायचं," ती म्हणाली. "खाली आम्ही प्यायचं पाणी भरतो. साफ करून सोडणार असाल तर कारखाना तुमचा. न्हाईतर पावणं, चहा घिऊन जावा."

"व्हय की," शेजारच्या सदस्य बायडाबाई म्हणाल्या. दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलंच भाषण.

बाहेर अमरसिंह भिंतीला टेकले. मॅडम मात्र खुश झाल्या. स्वतःला अट मान्य असल्याचं सांगून त्या फोन घेऊन बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं पडेल चेहऱ्यानं परतल्या. दीप्तीनं हळूच खुलासा केला: कंपनीच्या प्रमुख मॅडमच आहेत, निर्णय तेवढे वरचे साहेब घेतात.

हे संयोगिताला भाषांतराशिवायही कळलं असतं. तिनं त्यांना आपल्याशेजारी बसवलं, दुसरा चहा मागवला.

"परत लावा फोन," ती म्हणाली. "आता इचारू नका. सांगा."

मॅडमनी सांगितलं. साहेबांना सांगून घ्यायची सवय नव्हती, त्यामुळे ते गडबडून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून संयोगिता रोज कार्यालयात जाऊ लागली. पेपरात तिचा आणि मॅडमचा फोटो छापून आला, खाली मजकूर: 'सरपंच अमरसिंह पाटील यांच्या प्रयत्नांना यश'. दिवसभर अभिनंदनाचे फोन त्यांनाच येत राहिले. त्यात लोकांची चूक नाही. तुमच्याही गावच्या सरपंच बाईच असतील. बघा, तुमच्या मोबाईलमध्ये 'सरपंच' म्हणून नंबर कुणाचा आहे.