हॉब्सनसाहेबांचे सहा पाईप

हॉब्सनसाहेब पाईपांना बाई म्हणायचे. सौदीत दम्मामजवळच्या आमच्या साइटवर ते वेल्डिंगचे इन्स्पेक्टर होते. तपासणीला आले की खिशातून छोटी हातोडी काढायची, पाईपवर हलकेच मारायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. "छान बोलते ही बाई," असं म्हणून ते पुढच्या बाईकडे वळायचे. मी तिथे टाइमकीपर होतो. मला वाटायचं, माणसाला ऊन लागलंय.

तसं नव्हतं. इंग्लंडातल्या त्यांच्या खेड्यात एक जुनं चर्च होतं, त्याच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या आणि त्यांतली तिसरी साहेब वाजवायचे. तिथे म्हणे प्रत्येक घंटा ही बाईच असते. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हाला या बायकांची कुळकथा ऐकवत. धाकटी गावातल्या बायकांनी दिलेल्या तांब्याच्या भांड्यांतून ओतलेली. चौथी धर्माच्या भांडणात शिपाई वितळवतील म्हणून गावकऱ्यांनी तळ्यात लपवलेली. "अजून तिचा आवाज ओला आहे," साहेब गंभीरपणे सांगत. थोरलीला कुठल्याशा राजाला मुलगा झाला तेव्हा वाजवून वाजवून तडा गेलेला. "आनंदाने फुटली बिचारी."

एका शुक्रवारी त्यांनी वर्कशॉपमध्ये पाईपचे सहा तुकडे दोरीने टांगले आणि त्यांच्यासमोर कोकणातले सहा फिटर उभे केले. "लुक टू!" ते ओरडले. म्हणजे सावध, आता सुरू. जीप चालू करतानाही ते हेच ओरडत आणि डाळीत पाव बुडवतानाही.

नियम असा, की गाणं वाजवायचं नाही. एकामागून एक एकेक ठोका द्यायचा आणि दर फेरीला शेजाऱ्याशी नंबर बदलायचा. दोन ठोके एकत्र पडले की साहेब दाढ दुखल्यासारखा चेहरा करत.

"गाणां नाय, गजर नाय, मगे वाजवूचां कित्याक?" मालवणचा सदू राणे वैतागला. मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

"त्याला म्हणावं, हातोडीकडे बघू नकोस. तुझ्या आधी वाजवणाऱ्याकडे बघ. एवढंच तर आहे यात."

एकदा आवाज ऐकून फाटकावरचा पहारेकरी आत आला. "एश हादा?" त्याने विचारलं. हे काय, म्हणून. या देशात चर्चची घंटा! इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना गेला, नोकरी गेली, मुलांची शाळा सुटली, इथपर्यंत मी मनातल्या मनात पोचलो. सदू शांतपणे म्हणाला, "पाईप टेस्टिंग." पहारेकऱ्याने स्वतः एक ठोका मारून पाहिला, "तमाम", म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि गेला. त्या खोट्याची टोचणी मला कितीतरी दिवस होती. सदूला तिथल्या तिथे भूक लागली.

मग एका गुरुवारी साहेबांनी कुठल्याच पाईपला हात लावला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "मार्गारेटचं आज ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे." मार्गारेट त्यांची बायको. "उद्या फोन करायला माझ्याबरोबर याल?"

शुक्रवारी दुपारी आम्ही दम्मामच्या टेलिफोन ऑफिसात बसलो. लाईन लागली तसा साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "तुम्ही विचारा. मला नाही जमणार."

पलीकडे त्यांची मेहुणी होती. मी भीत भीत विचारलं, ऐकलं आणि साहेबांना सांगितलं, "गाठ साधी निघाली. काळजीचं काही नाही. फक्त सकाळपासून कुरकुर चालू आहे, हॉस्पिटलचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी आहे म्हणून."

"नक्की कुरकुर करतेय?"

"नर्सशी भांडल्या म्हणे."

साहेब बाकावर मटकन बसले आणि हसायला लागले. इतके, की रांगेतला एक म्हातारा अरब त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

परत आलो तेव्हा सहाही जण वर्कशॉपमध्ये ताटकळत उभे होते. मला राहवलं नाही, मी दारातूनच बातमी ओरडून सांगितली. साहेबांनी "लुक टू!" म्हटलं, पण आवाज चिरकला.

पहिल्या फेऱ्या नीट गेल्या. मग वेग वाढू लागला. हे सगळे लहानपणापासून गणपतीपुढे झांजा घेऊन उभे राहिलेले. आनंद झाला की शेवट कसा करायचा, हे त्यांचे हात कोणाला विचारत नाहीत. नंबर गेले, पाळ्या गेल्या. सहाही हातोड्या एकदम पडल्या, परत एकदम, परत एकदम. आणि मग सगळे घाबरून थांबले.

"हात आयकूक नाय, साहेबानू," सदू पुटपुटला.

"चूक माझी," मी म्हणालो. "मी बातमी आधी सांगायला नको होती."

साहेब चष्मा काढून पुसत म्हणाले, "आमच्याकडेही सगळ्या घंटा अशा एकदम वाजवतात. फक्त लग्नात, नवराबायको चर्चमधून बाहेर पडताना. दुसरी घंटा मार्गारेटची असायची. वाजवताना बोलता येत नाही, म्हणून मी दोन वर्षं नुसता तिच्या हातांकडे बघत होतो. लग्नाच्या दिवशी आमच्या दोघांच्या घंटांच्या दोऱ्या दुसऱ्यांच्या हातात होत्या आणि आम्ही खाली अंगणात उभं राहून ऐकत होतो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"परत वाजवा," ते म्हणाले. "आत्ता चुकलात, अगदी तसंच."